पावसाळ्यात एसी बावीसवर: बडोद्याच्या वाड्यातल्या चित्रांना बुरशी का आली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर तुमच्या न्यासाचं दोन दालनांचं संग्रहालय आहे. एका घराण्याने दिलेली तैलरंगातली व्यक्तिचित्रं, चार तंजावर चित्रं, रविवर्मा प्रेसच्या काही ओलिओग्राफ (म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील रंगीत चित्रं), पोथ्या, शालू, पगड्या आणि देवघरातल्या काशा-पितळेच्या मूर्ती असा संग्रह. यंदा एप्रिलमध्ये देणगीतून तीन स्प्लिट एसी आले. ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा २२ अंशांवर चालतात आणि दालनाला कुलूप लागलं की बंद होतात. मे महिना छान गेला. जुलै संपता संपता तैलचित्रांच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसली, ओलिओग्राफच्या काचेला आतून घाम आला आणि एका तंजावर चित्रावरचा सोन्याचा पापुद्रा सुटला. पाहुणे एकतर कुडकुडतात, नाहीतर शाळेची सहल आली की गुदमरल्याची तक्रार करतात. तुम्ही विचारलंय, एसी नेमका कितीवर ठेवावा?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. आज संध्याकाळपासून एसी बंद ठेवा आणि आर्द्रता काढणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, येईपर्यंत पुन्हा लावू नका. छताचे पंखे मंद गतीवर दिवसरात्र चालू द्या. पंख्याने आर्द्रता कमी होत नाही, पण कोपऱ्यात आणि चित्रांमागे साचून राहिलेली हवा हलती राहते, आणि बुरशीला साचलेली हवाच मानवते. बाहेरच्या भिंतीवरची, त्यातही पाऊस अंगावर घेणाऱ्या नैऋत्येच्या भिंतीवरची सगळी चित्रं आजच उतरवा आणि आतल्या भिंतींवर किंवा मधल्या खोलीत ठेवा. बाकीचं सावकाश करता येईल, ही तीन कामं मात्र उद्यावर टाकू नका.

आता कारण. हवेत पाणी किती मावतं हे तापमानावर अवलंबून असतं. आपण ज्याला आर्द्रता म्हणतो तो आकडा सापेक्ष आहे: त्या तापमानाला जेवढं मावू शकतं त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच तो सांगतो. बडोद्यात जुलैच्या एखाद्या दुपारी बाहेर ३० अंश आणि ८० टक्के धरा. ही हवा साधारण २६ अंशांपर्यंत गार झाली की १०० टक्क्यांना पोचते आणि त्याखाली कुठेही टेकली की तिथे दव पडतं. तुमच्या दालनाच्या भिंती, चौकटी, काचा दिवसभर एसीने २२-२३ अंशांपर्यंत गार झालेल्या असतात. सहा वाजता एसी बंद होतो. जुन्या दारांच्या फटींतून, खिडक्यांच्या झडपांतून बाहेरची दमट हवा रात्रभर आत येते आणि त्या गार पृष्ठभागांवर पाणी सोडते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार. फरक इतकाच की तांब्या पुसता येतो. कॅनव्हास आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर पोकळीत ती ओल सकाळपर्यंत तशीच राहते. सकाळी दहाला एसी पुन्हा सुरू होतो, पृष्ठभाग वाळतो, संध्याकाळी पुन्हा भिजतो. तुमच्या चित्रांनी जुलैभर रोज एकदा ही ये-जा सोसली आहे.

मे महिन्यात हेच यंत्र उपकारक का ठरलं, तेही या हिशेबातून कळतं. बाहेर ४० अंश आणि २० टक्के असेल, तर ती हवा २४ अंशांवर आणली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. एक थेंब पाणी न घालता, न काढता, पुस्तकात लिहिल्यासारखा आकडा. म्हणून विश्वस्तांना वाटलं की यंत्र उत्तम आहे, आणि मेपुरतं ते खरंही होतं. एकाच शहरात एकच सेटिंग दोन ऋतूंत उलटं वागतं, ही आपल्याकडची खरी अडचण आहे.

आणखी एक गोष्ट एसीवाला सांगत नाही. स्प्लिट एसी हवा कोरडी करतो ती त्याची कॉइल गार असते तोवर. झडीच्या दिवसांत बाहेर २७-२८ अंशच असतात. खोली पटकन सेटिंगला पोचते आणि कॉम्प्रेसर थांबतो, पण आतला पंखा फिरतच राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत उडतं. ज्या दिवशी हवा सगळ्यांत दमट, त्याच दिवशी एसी सगळ्यांत कमी पाणी काढतो. त्याची घडण माणसाच्या सुखासाठी आहे आणि माणसाला आधी तापमान जाणवतं. लाकूड, कागद, कापड, सरस यांना मात्र आधी आर्द्रता जाणवते.

तुमच्या विश्वस्तांनी ‘जागतिक मानक २० अंश, ५० टक्के’ असं कुठेतरी वाचलंय, असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा कुठून आला हे त्यांना जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या स्लेटच्या खाणीत हलवली. तिथे बांधलेल्या खोल्या गरम करून हवा स्थिर ठेवली होती: सुमारे १७ अंश, आर्द्रता ४० टक्क्यांच्या जरा वर. तिथे असेपर्यंत रंग उचकटण्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. युद्ध संपून चित्रं लंडनच्या जुन्या दालनांत परतली आणि रंग पुन्हा सुटू लागला. संग्रहालयांच्या जगाने यातून धडा घेतला तो स्थैर्याचा. पुढे त्या स्थैर्याला आकडे चिकटले, आणि ते थंड देशांचे होते, जिथे हिवाळ्यात हीटर लावला की घर कोरडं ठणठणीत होतं. आता मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटानेच मर्यादा सैल केली आहे: बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश, ४० ते ६० टक्के, आणि एका दिवसात आर्द्रतेत १० टक्क्यांहून जास्त चढउतार नको. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कॅनडातल्या संरक्षकांनी, म्हणजे जुन्या कलावस्तू जपणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञांनी, मांडलेली एक कल्पना तुमच्या वाड्याला नेमकी लागू पडते. एखाद्या वस्तूने आजवर जो सर्वांत मोठा चढउतार सोसला आहे, त्याने व्हायची ती इजा बहुतेक होऊन गेलेली असते. त्याहून लहान चढउतार तिला फारसं नवं नुकसान करत नाहीत. तुमची व्यक्तिचित्रं शंभर वर्षं याच शहरात, चुना-विटांच्या जाड भिंतींत राहिली आहेत. मे महिन्यातली कोरड आणि श्रावणातली ओल त्यांच्या परिचयाची आहे, कारण ती आठवड्या-आठवड्याने, सावकाश येते. दिवसातून एकदा बसणारा एसीचा हिसका त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा आला. मात्र ज्या चित्राची भेग कोणी भरून चिकटवली असेल, त्याला जुन्या सवयीचं हे संरक्षण उरत नाही.

म्हणून बडोद्यासाठी माझी शिफारस अशी: वर्षभरात आर्द्रता ४० ते ६५ टक्क्यांत फिरू द्या, पण हळू. मेमध्ये ४०-४५, ऑगस्टमध्ये ६०-६५ चालेल. तापमान पावसाळ्यात २८-२९ राहिलं तरी चित्रांची तक्रार नसते. ६५ ची रेघ मात्र ओलांडू नका. सत्तरीच्या पुढे बुरशी धरू लागते आणि ८० टक्क्यांवर तिला दोनेक आठवडे पुरतात.

डिह्युमिडिफायर याच कामाचा आहे. तो पाणी काढतो आणि खोली अंशभर गरम करतो, आणि पावसाळ्यात आपल्याला हे दोन्ही हवं असतं. पण यंत्र विकत घेण्याआधी फटी बुजवा. हिशेब सांगतो. तुमचं दालन साधारण ३०० घनमीटरचं आहे असं धरू. २९ अंशांवर ८० टक्क्यांची हवा ६० वर आणायला त्यातून पावणेदोन लिटर पाणी काढावं लागतं. तेवढ्याने भागलं असतं तर बादलीसुद्धा भरली नसती. पण जुन्या झडपांतून तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल, तर दर तासाला पुन्हा पावणेदोन लिटर, म्हणजे दिवसाला चाळीसच्या घरात. लाकूड आणि चुना यांत मुरलेली ओल वेगळी. म्हणून आधी सुताराला बोलवा. दाराखाली ब्रश पट्टी, झडपांना कापडी गॅस्केट आणि दालनाच्या दाराबाहेर एक छोटी मधली खोली किंवा जाड पडदा, एवढ्यावर निम्मी लढाई जिंकता येते. यंत्राचं पाणी नळीने थेट मोरीत सोडा. बादलीच्या भरवशावर राहू नका; रात्री बादली भरते, यंत्र बंद पडतं आणि सकाळपर्यंत सगळं पूर्वपदावर येतं. यंत्र आल्यावर एसी लावायचाच असेल तर २८ वर ठेवा आणि सहाला बंद करू नका.

डेझर्ट कूलर स्वस्त पडेल, असंही कुणी सुचवलंय. दालनात तो लावू नका. मेच्या कोरड्या हवेत कूलर आर्द्रता सत्तरीकडे नेतो आणि बंद केला की ती पुन्हा विशी-तिशीत पडते. तिकीट खिडकीजवळच्या पडवीत, पाहुणे थांबतात तिथे, उन्हाळ्यात तो खुशाल लावा. आपल्या आज्या दारांना वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपडायच्या, ते पडवीसाठीच होतं.

आता एकेका वस्तूबद्दल. तैलचित्राचा कॅनव्हास रंगवण्याआधी त्यावर सरसाचा थर दिलेला असतो. हवा कोरडी झाली की सरस आक्रसतो आणि रंगाला ताणतो. ८० टक्क्यांच्या वर गेली की तो लिबलिबीत होतो, उलट कापड आखडतं आणि रंग तळापासून सुटतो. पाठीवर बंद फळी लावली, तर चित्र स्वतःच्या छोट्याशा हवेत राहतं आणि दालनातला झटका त्याच्यापर्यंत मंदावून पोचतो. आम्लरहित बोर्ड मिळवा. हार्डबोर्ड किंवा प्लायवूड नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना इंचभर बुचाचे ठोकळे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यातून हवा वाहत राहील. फ्रेमवाला दोन दिवसांत ही दोन्ही कामं करून देतो आणि त्याला वीज लागत नाही. बडोद्यात तांबेकर वाड्यात चित्र भिंतीवरच रंगवलेलं आहे, ते भिंतीपासून सुटं करता येत नाही. तुमची चित्रं हलवता येतात, त्याचा उपयोग करून घ्या.

ओलिओग्राफच्या बाबतीत काच हीच अडचण आहे. बहुतेक जुन्या चौकटींत छापील कागद काचेला टेकलेला असतो. काचेला आतून घाम आला की वार्निश तिला चिकटतं, आणि मग ते सोडवताना चेहऱ्याचा रंगसुद्धा काचेबरोबर निघतो. ओढून बघू नका. चौकटी उतरवून, कोरड्या खोलीत आडव्या, काच वर ठेवून, आठवडाभर राहू द्या. चिकटलेलं नसेल तेव्हाच उघडा आणि काच-कागदामध्ये पातळ पट्टी घालून अंतर ठेवा.

पोथ्यांना थंडी आवडते. तापमान पाच अंशांनी वाढलं की कागदाच्या रासायनिक झिजेचा वेग अदमासे दुप्पट होतो. पण आपल्याकडे पावसाळ्यात गारवा मागायला गेलं की ओल पदरात पडते, म्हणून पोथ्या दालनात मांडण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या पेटीत, सुती बासनात गुंडाळून ठेवाव्यात. घट्ट बांधलेल्या पोथीच्या आतपर्यंत आर्द्रता पोचायला दिवस लागतात. उघड्या पानाला मिनिटं पुरतात. बासनात वेखंड ठेवायची पद्धत चांगलीच आहे, फक्त ती पुरचुंडी कागदाला टेकू देऊ नका. कपाटात थायमॉल या बुरशीनाशक रसायनाची वाफ देण्याचा जुना प्रघात अजून कुठे असेल तर तो सोडून द्या, त्याने वार्निश आणि तैलरंग मऊ पडतात.

मूर्तींचं वेगळं आहे. काशा-पितळेत क्षार शिरलेले असतील तर चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या वर फिकट हिरवी भुकटी फुटते आणि धातू आतून खाल्ला जातो. सगळं दालन ४० वर आणणं पावसाळ्यात शक्यही नाही आणि लाकडाला सोसणारंही नाही. त्यासाठी एक घट्ट काचपेटी आणि तिच्या तळाशी कोरडं सिलिका जेल पुरे. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी दाण्यांचं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून परत वापरा. भुकटी आणि साधा हिरवट-काळा जुना रंग यांत गफलत करू नका. जुना रंग घट्ट आणि गुळगुळीत असतो, त्याला हात लावायची गरज नाही. पितांबरी तर अजिबात नको.

पाहुण्यांकडे वळतो. दालनात उभा असलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता आणि तासाला पन्नासेक ग्रॅम वाफ सोडतो. साठ मुलांची सहल अर्धा तास थांबली, तर हवेत दीड लिटर पाणी येतं. तुमच्या दालनात २८ अंश आणि ६० टक्के असतील आणि दारं बंद असतील, तर नुसत्या श्वासाने आणि घामाने आकडा सत्तरीच्या वर, अगदी ७८ पर्यंतही जाऊ शकतो. भिंती यातलं काही पिऊन घेतात, काही फटींतून जातं, पण गुदमरल्याची तक्रार खोटी नाही. वीस-वीसचे गट करा. एक गट दालनात, दुसरा चौकात वाड्याची माहिती ऐकतोय, तिसरा पोथीलेखनाचा नमुना गिरवतोय, असं फिरवा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट जिन्याखालीच राहू द्या. चपला बाहेर काढायची तुमची पद्धत मोडू नका, तिच्यामुळे धूळ आणि पाणी दोन्ही बाहेर राहतं. आणि सकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसायची सवय पावसाळ्यात थांबवायला सांगा. मावशींना वाईट वाटेल, पण बादलीभर पाणी आपण स्वतःच हवेत सोडत असतो. सुकं फडकं पुरतं.

बडोद्याचा बफारो, म्हणजे दमट उकाडा, सोसायला पाहुण्यांना २२ अंश लागत नाहीत. पंख्याच्या झुळुकीने अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतं. २८ अंश, ६० टक्के आणि डोक्यावर पंखा, यात घामाने भिजलेला माणूस पाच मिनिटांत स्थिरावतो. चित्राला घाम येत नाही, त्यामुळे पंखा त्याला गार करत नाही आणि त्याचं काही बिघडवतही नाही, फक्त पात्यांचा वारा थेट पापुद्र्यांवर येऊ देऊ नका.

हे सगळं मोजल्याशिवाय करू नका. इथल्या विद्यापीठाच्या, १९५२ साली सुरू झालेल्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागात मी शिकलो, तेव्हा आमच्या हाती तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा थर्मोहायग्रोग्राफ होता. त्यात माणसाच्या केसांची जुडी असते, दमट हवेत केस लांबतो, कोरड्यात आखडतो आणि त्याला जोडलेली लेखणी कागदावर रेघ काढते. आठवड्याचा कागद उलगडला की सोमवारची सुट्टी, शनिवारची गर्दी, रात्री उघडी राहिलेली खिडकी, सगळं रेघेत दिसायचं. आता हेच काम करणारे, आपोआप नोंद ठेवणारे चार छोटे डिजिटल लॉगर घ्या: एक दालनाच्या मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीवर चित्राच्या मागे, एक पोथ्यांच्या पेटीत, एक बाहेर सावलीत. स्वस्त यंत्रं दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून त्यांची परीक्षा घ्या. वाटीत मीठ घेऊन ओल्या वाळूइतपत भिजवा, वाटी आणि लॉगर एका हवाबंद डब्यात ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी आकडा ७५ हवा. ७९ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून दर वेळी चार वजा करा. नोंदी निदान एक वर्ष ठेवा. मी एकदा एका संस्थेला फक्त दुपारच्या नोंदींवरून सल्ला दिला होता. त्यांच्या रात्री मी पाहिल्याच नव्हत्या आणि दोन चित्रांचा रंग त्या रात्रींनी घेतला. ती चूक माझी होती, म्हणून रात्रीच्या नोंदींवर मी इतका अडून बसतो.

वाड्याच्या तळमजल्यावर काही ठेवलं असेल तर तेही वर आणा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. अशा पाण्यात भिजलेली जाड भिंत वरून वाळलेली दिसते, पण आतली ओल कित्येक महिने सोडत राहते.

बुरशीचं काय करायचं? आधी ती बुरशीच आहे का बघा. भिंतीचा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर फुटणारा क्षार, चित्राच्या पाठीला लागला तरी तो पांढराच दिसतो. तो पाण्याच्या थेंबात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. चित्रं वेगळ्या कोरड्या खोलीत न्या, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. केसाळ, ओलसर बुरशीला हात लावू नका, पुसली तर ती कापडात घुसते. हवा कोरडी झाली की आठवड्या-दोन आठवड्यांत ती भुकटी होते. मग फक्त पाठीची, मऊ ब्रशने, हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूम नळीकडे झाडत साफ करा. उन्हात ठेवायचा मोह होईल, तो आवरा. समोरची, रंगाची बाजू संरक्षकासाठी ठेवा.

राहिलं तंजावर चित्र. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, महाराणी पहिल्या चिमणाबाई, तंजावरच्या. तिकडची कला बडोद्याच्या घरांत असणं मला नेहमी जवळचं वाटत आलंय, म्हणून तुमच्या यादीत ती चार चित्रं वाचून आनंद झाला. पण तुमच्या संग्रहात सर्वांत नाजूक वस्तू हीच आहे. खाली लाकडी फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडू आणि डिंकाचा लेप, त्यात काचेचे खडे आणि वर सोन्याचा वर्ख. फळी आडवी फुगते आणि आक्रसते, लेप लवचीक नसतो, म्हणून ओलीच्या प्रत्येक फेऱ्यात तो फळीपासून थोडा थोडा सुटतो. ते चित्र भिंतीवरून काढताना दोघांनी धरा आणि लगेच आडवं करा, उभं नेऊ नका. पडलेला प्रत्येक तुकडा, कितीही बारीक असो, छोट्या डबीत ठेवा आणि कुठल्या भागातून पडला ते डबीवर लिहा. फेव्हिकॉलने चिकटवू नका. खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाका आणि फोटो काढा. सुटलेला लेप सावल्यांत दिसेल. असेच फोटो उरलेल्या तिन्ही चित्रांचेही काढून मला पाठवा. किती सुटलंय ते बघून, आहे तिथेच लेप बसवता येईल की कार्यशाळेत न्यावं लागेल, ते आपण ठरवू.